सहा आठवड्यांची स्पॅनिश

मेक्सिको शहराच्या उत्तरेला, गुस्ताव्हो ए. मादेरो या भागात, भिंतींनी वेढलेलं एक मोठं आवार आहे. १९६४ पासून तिथे ‘बेनेमेरितो दे लास आमेरिकास’ नावाची निवासी शाळा होती. हे नाव म्हणजे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांना मिळालेली उपाधी. २०१३ च्या जून महिन्यात शाळेची शेवटची तुकडी बाहेर पडली आणि त्याच महिन्यात तिथे मिशनरी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. विद्यार्थ्यांची घरं, भोजनगृह, मैदानं सगळं तसंच राहिलं. राहणारे तेवढे बदलले.

आता तिथे ठरावीक दिवशी बॅगा घेऊन नवी तुकडी उतरते. बहुतेक मुलं-मुली १८ ते २१ वर्षांची असतात. मुलांच्या अंगात पांढरा शर्ट आणि टाय, मुलींचे साधे स्कर्ट-ब्लाऊज आणि सगळ्यांच्या छातीवर नावाची काळी पट्टी. अमेरिकेतून आलेल्यांपैकी काहींनी शाळेत वर्ष-दोन वर्षं स्पॅनिश घेतलेलं असतं. बाकीच्यांची मजल ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’च्या पुढे गेलेली नसते. साधारण सहा आठवड्यांनी हीच मुलं बाहेर पडतात, अनोळखी घराचं दार वाजवतात आणि आत बसून स्पॅनिशमध्ये देव, पाप आणि क्षमा यांवर बोलू लागतात.

हे कसं जमतं, असं भाषा शिकवणारे लोक वारंवार विचारतात. जमतं ते नेमकं किती, हे त्या मानाने कमी विचारलं जातं. या प्रकरणात दोन्ही पाहू. केंद्राची शिकवण्याची पद्धत चांगली आहेच, पण खरी कमाल तिथल्या दिनक्रमाची आहे. न बोलता वेळ मारून नेण्याच्या जेवढ्या पळवाटा आपल्याला असतात, तेवढ्या सगळ्या तिथे बंद केलेल्या असतात.

व्हिसा अडला म्हणून

हे केंद्र चालवणारा पंथ म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. लोकांच्या तोंडी ‘मॉर्मन’. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला. आज त्याचं मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. तरुणांनी घर, शिक्षण आणि नोकरी बाजूला ठेवून काही काळ धर्मप्रसार करावा, म्हणजे ‘मिशन’वर जावं, अशी या पंथात रीत आहे. मुलांसाठी तो काळ २४ महिन्यांचा, मुलींसाठी १८ महिन्यांचा. यासाठी पगार मिळत नाही. उलट महिन्याचा खर्च ते स्वतः किंवा त्यांचं कुटुंब भरतं. कुठल्या देशात जायचं आणि कुठली भाषा शिकायची हे मुख्यालय ठरवतं. अर्जदाराची पसंती विचारली जात नाही.

१९६० पर्यंत परभाषेच्या प्रदेशात निघालेल्या मुलांना भाषा शिकवण्याची पक्की सोय नव्हती. थेट पाठवून द्यायचं आणि ज्येष्ठ सोबत्याबरोबर फिरता फिरता भाषा येईल असं धरून चालायचं. १९६१ मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनाला निघालेल्या मुलांचे व्हिसे अडकले. नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा त्यांना शिकवावं, म्हणून त्या वर्षीच्या डिसेंबरात युटातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगहम यंग विद्यापीठाच्या आधाराने स्पॅनिशचा वर्ग सुरू झाला. अर्नेस्ट विल्किन्स हे स्पॅनिशचे प्राध्यापक त्याचे प्रमुख होते. लवकरच पोर्तुगीज आणि जर्मन या भाषाही आल्या. १९७६ मध्ये प्रोव्होत स्वतंत्र संकुल उभं राहिलं. १९७८ मध्ये इंग्रजीतच काम करणारी मुलंही तिथे येऊ लागली आणि ‘मिशनरी ट्रेनिंग सेंटर’ हे नाव पडलं. मुलं त्याला नुसतं ‘एमटीसी’ म्हणतात. आज प्रोव्होत पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. मनिला, साओ पावलो, लिमा, इंग्लंडमधलं प्रेस्टन, घानातलं आक्रा अशा ठिकाणीही केंद्रं उघडली.

मेक्सिकोचं केंद्र एवढं मोठं होण्यामागे एका घोषणेचा हात आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये पंथाने मिशनवर जाण्याचं किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं. अर्जांचा पूर आला. तेव्हा जगभर सुमारे ५८,५०० मिशनरी होते, दोन वर्षांत ते ८८,००० च्या घरात गेले. प्रोव्होत जागा पुरेना. मेक्सिकोत आधीपासून सव्वाशे जणांचं छोटं केंद्र होतं. शाळेचं आवार मिळाल्यावर तिथे हजाराहून अधिकांची सोय झाली.

केंद्र नव्हतं तेव्हा

मिशनऱ्यांच्या भाषाभ्यासाचा आपल्याकडचा अनुभव अगदी निराळा होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं मुख्यतः तिथल्याच साष्टी भागात राहिला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठी ओवी, पुराणाची मांडणी, कोकणीचा वावर, हे सगळं त्याने गावकऱ्यांत राहून आणि आपल्याकडच्या पोथ्यांची घडण समजून घेऊन कमावलं. विल्यम केरीने तर महाराष्ट्रात कधी मुक्कामच केला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठी आत्मसात केली, १८०५ मध्ये व्याकरण आणि १८१० मध्ये कोश काढला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनाही शास्त्री-पंडितांकडेच शिकावं लागलं. मॉर्मन पंथाचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईला आला आणि पुण्यालाही गेला, तेव्हा त्याच्याही पाठीशी भाषेचं कुठलंच प्रशिक्षण नव्हतं.

स्टीफन्स आणि केरी यांच्या हाती वेळ होता. त्यांना ग्रंथ लिहायचे होते, भाषांतरं करायची होती, म्हणून भाषा अथपासून इतिपर्यंत हवी होती. एमटीसीतल्या मुलाकडे जेमतेम दोन वर्षं आहेत, त्यांतले केंद्रात घालवायचे ते सहा आठवडे. ग्रंथ त्याला लिहायचा नाही. समोरच्या माणसाशी अर्धा तास बोलता आलं की त्याचं भागतं. तिथला सगळा अभ्यासक्रम हे गरजेचं माप घेऊन बेतलेला आहे.

घड्याळाच्या तालावर

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधला वेळ तासातासाने आखलेला: व्यायाम, नाश्ता, धर्मग्रंथाचं वाचन, मग सलग तीनेक तासांचा वर्ग. जेवणानंतर पुन्हा वर्ग, संध्याकाळी भाषेचा स्वतंत्र अभ्यास आणि झोपण्याआधी उद्याची आखणी. आठवड्यातला एक दिवस ‘तयारीचा’. त्या दिवशी कपडे धुवायचे, केस कापून घ्यायचे, घरी पत्रं लिहायची. रविवार उपासनेचा.

कुणीही एकटं राहत नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिला जातो. मुलाला मुलगा, मुलीला मुलगी. जेवण, वर्ग, अभ्यास, फिरणं सगळं जोडीने. एवढंच काय, एकाला दवाखान्यात जायचं असेल तर दुसराही बरोबर जातो. अशा काही जोड्या मिळून वर्गाची एक तुकडी होते आणि सहा आठवडे तेच चेहरे दिवसभर समोर असतात. पहिल्या नावाने हाक मारायची नाही. मुलांना ‘एल्देर’ आणि मुलींना ‘एरमाना’ लावून आडनाव. सिनेमे, मालिका, आवडीची गाणी बंद. प्रेमप्रकरणं बंद. भिंतीबाहेर पडण्याचे प्रसंगही मोजकेच.

भाषा शिकण्याच्या दृष्टीने या जोडीला फार मोल आहे. चुका करत बोलायला हक्काचा माणूस चोवीस तास शेजारी असतो आणि तो आपल्याइतकाच कच्चा असतो, त्यामुळे लाज वाटत नाही. ‘आपली भाषा बोला’ हा तिथला एक लाडका नियम आहे. ठरवलेल्या वेळात, किंवा जिद्दी जोड्यांमध्ये दिवसभर, जेवढं येतं तेवढं स्पॅनिशमध्येच बोलायचं. नाम आठवलं नाही तर इंग्रजी शब्द घालायचा, पण वाक्य स्पॅनिश ठेवायचं. मीठ मागण्यापासून टाय कुठे ठेवला हे विचारण्यापर्यंत सगळं असंच. मेक्सिकोच्या केंद्रात एक जास्तीची सोय आहे: मूळ स्पॅनिश भाषक मुलंही तिथे प्रशिक्षणाला येतात. त्यांना भाषा शिकायची नसल्यामुळे त्यांचा मुक्काम छोटा असतो, पण भोजनगृहात आणि मैदानावर ती भेटतात. शिक्षकही बहुधा तिथलेच तरुण, नुकतेच स्वतःचं मिशन संपवून आलेले.

आधी प्रार्थना, मग व्याकरण

शाळेच्या पुस्तकात परभाषा ‘माझे नाव अमुक आहे’ने सुरू होते. मग रंग, आकडे, फळांची नावं. एमटीसीत पहिल्याच दिवसांत प्रार्थना शिकवतात, तीसुद्धा पाठांतरासाठी म्हणून नाही. प्रार्थनेचा साचा चार भागांचा: देवाला संबोधन, आभार, मागणं आणि येशूच्या नावाने समारोप. आभाराचं वाक्य ‘ते दामोस ग्रासियास पोर’ने सुरू होतं, म्हणजे ‘...बद्दल आम्ही तुझे आभार मानतो’. पुढची जागा रिकामी. त्या जागी कुटुंब, जेवण, आजचा दिवस, मित्र, काहीही बसवा. दहा नामं आली की आभाराची दहा वाक्यं झाली. वर्ग सुरू होताना, संपताना, जेवणाआधी, झोपण्याआधी अशा दिवसात कितीतरी प्रार्थना होतात आणि पाळीपाळीने प्रत्येकाला म्हणाव्या लागतात. कुणी मुद्दाम घोकून न घेताच घोकंपट्टी होते.

मागण्याच्या वाक्यात याहून गंमत आहे. ‘ते पेदिमोस के’ म्हणजे ‘आम्ही तुला विनवतो की...’. याच्या पुढे येणारं क्रियापद स्पॅनिशमध्ये साध्या रूपात चालत नाही. ‘तू आशीर्वाद देतोस’ला ‘बेन्दीसेस’ म्हणतात, पण विनंतीत ते ‘बेन्दीगास’ होतं. आपल्याकडे ‘देतोस’चं ‘द्यावास’ होतं, तसाच हा बदल. स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांना ही रूपं सर्वांत जड जातात आणि बहुतेक पाठ्यपुस्तकं ती बरीच पुढे ढकलतात. एमटीसीतल्या मुलाला ती पहिल्याच आठवड्यात लागतात, कारण त्यांच्याशिवाय मागणं मागता येत नाही. नियम त्याला नंतर कळतो, जीभ आधी वळते. देवाला एकेरी ‘तू’ आणि माणसांना आदरार्थी ‘उस्तेद’ हेही याच ओघात पक्कं होतं.

दुसरा साचा श्रद्धेच्या कबुलीचा. ‘यो से के’, म्हणजे ‘मला ठाऊक आहे की...’. त्यापुढे लहानसं विधान. तिसरा आमंत्रणाचा: ‘तुम्ही वाचाल का? तुम्ही याल का?’ हे तीन-चार साचे हाताशी आले की मोडकीतोडकी का होईना, एक भेट निभावता येते.

समोर बसलेला खोटा माणूस

पहिल्या काही दिवसांतच जोडीला एका ‘भेटी’साठी पाठवतात. खोलीत बसलेला माणूस इंग्रजी येत नसल्यासारखा वागतो. बहुधा तो त्यांचा शिक्षकच असतो आणि स्वतःच्या मिशनवर भेटलेल्या एखाद्या खऱ्या माणसाची भूमिका वठवत असतो. त्याची कुटुंबाची काळजी, दारूची सवय, देवावरचा राग सगळं त्यात येतं. मुलं घामाघूम होतात. आठवलेली वाक्यं पाच मिनिटांत संपतात आणि तो माणूस भलताच प्रश्न विचारतो. भेट संपली की शिक्षक भूमिकेतून बाहेर येतो आणि कुठे गाडी अडली ते दाखवतो. दोन दिवसांनी त्याच माणसाकडे पुन्हा जायचं. गोष्ट पुढे सरकत राहते, म्हणून मागच्या वेळी त्याने काय सांगितलं ते ऐकून लक्षात ठेवावं लागतं.

पूर्वी हे असं नव्हतं. १९६१ पासून कितीतरी वर्षं मिशनरी छापील संवाद शब्दन्‌शब्द पाठ करत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सैनिकांना भाषा शिकवण्यासाठी वाक्यांच्या सरावावर भर दिला होता. पाठांतराची ही पद्धत त्याच वळणाची होती. पाठांतराने उच्चार सुधारत आणि आत्मविश्वास येई, पण समोरच्याने मध्येच तोंड उघडलं की पंचाईत होई. २००४ मध्ये ‘प्रीच माय गॉस्पेल’ हे नवं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि तयार संवाद मागे पडले. मुद्दे ठरलेले, शब्द मात्र ज्याचे त्याने शोधायचे. शिकणाऱ्याला हे जड जातं, पण संभाषण यातूनच येतं.

तासांचा हिशेब

आता जमतं किती, ते पाहू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी स्वतःची संस्था आहे. कामापुरतं चांगलं स्पॅनिश यायला इंग्रजी भाषकाला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, असा तिचा अनुभव आहे. हिंदीसाठी ती सुमारे १,१०० तास धरते. एमटीसीत रोज सहा-साडेसहा तास आणि तयारीचा दिवसही मोजून आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा आठवड्यांत सव्वादोनशेच्या आसपास तास होतात. त्यांतला बराच वेळ धर्माच्या शिकवणीत जातो. म्हणजे केंद्रातून बाहेर पडणारा मुलगा फार तर एक तृतीयांश वाट चाललेला असतो.

हे बाहेर पडल्याबरोबर कळून येतं. पश्चात्तापाला ‘आरेपेन्तिमियेन्तो’ म्हणतात हे त्याला झोपेतही सांगता येतं. नळाचा वॉशर, कढई, गॅसची टाकी यांना काय म्हणतात याचा पत्ता नसतो. मेक्सिको शहराच्या गल्ल्यांतून भंगारवाल्यांच्या गाड्या फिरतात. जुन्या गाद्या, फ्रिज, वॉशिंग मशिन विकत घेतो, असं सांगणारं एका लहान मुलीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण त्यांच्या कर्ण्यावर वाजत असतं. शहरातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ आहे. नव्या मिशनऱ्याला मात्र त्यातलं पहिल्यांदा काही केल्या लागत नाही. केंद्रातले शिक्षक त्याच्याशी सावकाश, स्पष्ट बोलत. रस्ता तसं बोलत नाही.

उरलेली दोन तृतीयांश वाट हा रस्ताच चालायला लावतो. नवख्याला तिथे भाषा येणारा जोडीदार मिळतो. रोज कितीतरी दारं वाजवायची, बाजारहाट करायचा, बसमधल्या शेजाऱ्याशी बोलायचं, कुणाच्या घरी जेवायचं. दोन वर्षांनी परतलेल्यांचं बोलणं बहुधा सफाईदार असतं. लिहिणं त्या मानाने मागे राहतं. विद्यापीठात ही मुलं आली की स्पॅनिशच्या प्राध्यापकांना हे विचित्र मिश्रण हाताळावं लागतं: तासभर अस्खलित बोलणारा विद्यार्थी, पण पानभर मजकूर शुद्ध लिहिताना अडखळणारा.

युटा राज्याला या सगळ्याचा आयताच फायदा झाला. तिथल्या नॅशनल गार्डची ३०० वी लष्करी गुप्तवार्ता ब्रिगेड भाषा जाणणाऱ्या सैनिकांची आहे आणि तिच्यात परतलेल्या मिशनऱ्यांचा भरणा मोठा आहे. परदेशांत व्यापार करणाऱ्या कंपन्याही अशी माणसं शोधत युटात येतात.

या घाईची किंमत

एवढं आखीव आयुष्य सगळ्यांना मानवत नाही. घर पहिल्यांदाच सोडलेला अठरा वर्षांचा मुलगा, अनोळखी जोडीदार, परकी भाषा आणि एकट्याने रडायलाही जागा नाही. पूर्वी घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येतं. मिशन अर्धवट सोडून परतणारे असतात आणि समाजात त्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, अशी तक्रार पंथातूनच होत आली आहे. पंथाने २०१३ मध्ये ताण ओळखणं आणि हाताळणं यावर मिशनऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली, म्हणजे प्रश्न वरपर्यंत पोचला होता.

दुसरा आक्षेप हेतूबद्दलचा आहे. ही मुलं भाषा शिकतात ती समोरच्याचा धर्म बदलावा म्हणून. ऐकणारा कसा जगतो, काय वाचतो, कशावर हसतो, हे त्या सहा आठवड्यांत गौणच असतं. स्टीफन्सचाही हेतू धर्मप्रसाराचाच होता, पण ओवीपर्यंत पोचायला त्याला या मातीत अनेक वर्षं काढावी लागली आणि त्या वर्षांनी त्यालाही घडवलं. सहा आठवड्यांत बोलता येतं, मुरता येत नाही. पुढच्या दोन वर्षांत कोण किती मुरतो, हे ज्याच्या त्याच्या कुतूहलावर राहतं.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळी केंद्रं बंद झाली आणि प्रशिक्षण घरून, पडद्यावर सुरू झालं. साथ ओसरल्यावरही पहिला टप्पा घरूनच करायची पद्धत राहिली. मग मुलं केंद्रात जातात. पडद्यावर साचे आणि शब्द शिकवता येतात. जेवताना मीठ स्पॅनिशमध्ये मागण्याची सक्ती मात्र आईच्या स्वयंपाकघरात होत नाही, म्हणून केंद्रं पुन्हा भरली.

पुण्या-मुंबईत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्यांना यातलं काय उचलता येईल? भिंती, काळी पट्टी आणि साडेदहाचे दिवे उचलायची गरज नाही. पण तीन गोष्टी फुकट आहेत. आपल्याला ही भाषा नेमकी कोणाशी आणि कशासाठी बोलायची आहे ते ठरवून त्या प्रसंगाचे चार साचे आधी घ्यावेत, रंग आणि फळं मागाहून आली तरी चालतात. आपल्याइतकाच कच्चा जोडीदार गाठून त्याच्याशी रोज त्या भाषेतच बोलावं. आणि इंग्रजीत सुटका करून न घेणाऱ्या माणसासमोर पहिल्या आठवड्यातच बसावं, फजिती झाली तरी दोन दिवसांनी पुन्हा त्याच्याचकडे जावं. वर्गाची फी भरून वर्षभर वहीत शब्द उतरवणाऱ्याला जे साधत नाही, ते यातल्या तिसऱ्या गोष्टीने साधतं आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.